फोटोत नसलेला तीळ

आमच्या स्टुडिओत माणूस येतो तसाच परत जातो, पण त्याचा फोटो मात्र सुधारून जातो. मुरमं, जुने वण, नाकावरचे चष्म्याचे वळ, डोळ्यांखालचा काळेपणा, सगळं आमचे हे पुसून टाकतात. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने करायचे, आता कॉम्प्युटरवर करतात. यांच्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे, तो म्हणजे डाग. गिऱ्हाईक दारातून आत आलं की बाकीचे लोक ‘या, बसा’ म्हणतील, आमचे हे मनात डाग मोजायला लागतात.

माझ्या डाव्या गालावर, कानाच्या पाळीपासून दोन बोटं पुढे, एक तीळ होता. शाळेत असल्यापासून होता. कोणी त्याला सुंदर म्हणायचं, कोणी भाग्याचा. भाग्य काही फार उजळलं नाही आणि सौंदर्याचं मी माझ्या तोंडाने काय सांगू! होता एवढंच.

तो गेल्या काही महिन्यांपासून खाजायला लागला. एक दिवस तोंड पुसताना टॉवेलला रक्ताचा ठिपका लागला. चार दिवसांनी परत लागला. मी धाकट्या बहिणीकडे गेले. तिचं पार्लर आहे, बायकांच्या चामखिळी ती मशीनने दोन मिनिटांत उडवते. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, “हा एवढा जाळून टाक गं, कटकट झालीये.”

तिने दिवा जवळ ओढला, बघितलं आणि मशीनचं बटण बंद केलं. “ताई, चामखीळ असती तर आत्ता उडवली असती. हा तीळ आहे आणि त्यातून रक्त येतंय. मी याला हात लावणार नाही. कातडीच्या डॉक्टरला दाखव.”

“एवढ्याशासाठी डॉक्टर?”

“एवढ्याशासाठीच. उद्या जा.”

बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी घरी पोचेपर्यंत तिने यांना फोन करून सगळं सांगितलंही होतं. हे दारातच उभे होते. माझ्या गालाकडे एकदा बघितलं, लगेच नजर वळवली आणि म्हणाले, “उद्या मी येतो बरोबर.” मी म्हटलं, “स्टुडिओ कोण बघेल? मला पाय आहेत.” आणि एकटीच गेले.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची होती. दिवा असलेलं भिंग तिने गालाला टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिली. एवढा वेळ माझ्या गालाकडे आजवर कोणी बघितलं नसेल.

“काकू, हा असाच होता पहिल्यापासून?”

“असाच म्हणजे?”

“एवढाच मोठा? गोल होता का? रंग सगळीकडे एकच होता?”

रोज दोनदा आरशात बघून केस विंचरणारी मी, पण तीळ गोल होता की लांबट, मला सांगता येईना. मी म्हटलं, “तीळ काय कोणी बघतं का?”

ती हसली. “बघावं लागतं. आता याचे दोन अर्धे सारखे नाहीत. खालची कड फाटक्या कागदासारखी आहे. एका बाजूला तपकिरी, एका बाजूला जवळजवळ काळा. पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा आहे. पण काही जणांचे तीळ जन्मभर असेच वेडेवाकडे असतात आणि त्यांना काही होत नाही. रक्त टॉवेल घासूनही येऊ शकतं. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हे की, हा बदललाय का. वीस वर्षं असाच असेल तर नुसती नजर ठेवू, चेहऱ्यावर उगाच टाके नकोत. बदलला असेल तर मात्र लगेच काढायचा.”

“कशासाठी?”

“कॅन्सर असू शकतो म्हणून,” ती सरळ म्हणाली. मला तिचा राग आला नाही. गोल गोल बोलणाऱ्या माणसांचा मला जास्त राग येतो.

“मग जाळूनच टाका ना आत्ता.”

“जाळला तर तपासायला काय उरेल, काकू? काढायचा तर अख्खा, भोवतालच्या थोड्या कातडीसकट, आणि तपासणीला पाठवायचा.” मग म्हणाली, “जुने फोटो घेऊन या. गाल स्पष्ट दिसेल असे. परवा या.”

मी खुशीत घरी आले. फोटो! आमच्या घरात दुसरं आहेच काय? दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला हे आमचा दोघांचा फोटो काढतात आणि स्टुडिओच्या काचेत लावतात. एकतीस वर्षांचे एकतीस फोटो, एकही वर्ष चुकलेलं नाही. सगळे अल्बम काढून मी पलंगावर पसरले, चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

गाल स्वच्छ.

दुसरं वर्ष, तिसरं, दहावं. लेक कडेवर असलेला, लेक शाळेत जातानाचा, लेकीच्या लग्नातला. गाल स्वच्छ, धुतल्या बशीसारखा. ओळखपत्रावरचा फोटो बघितला, तोही यांनीच काढलेला. नातलगांच्या घरी फोन केले, तर तिथेही सगळे फोटो यांचेच, आणि यांनीच पुसलेले. मोबाइलमध्ये बघावं तर मी नेहमी उजवा गाल पुढे करते, आणि बहिणीच्या मोबाइलमध्ये चेहरा गुळगुळीत करायची सोय कायमची चालू. जगातल्या कुठल्याही बाईने जुना फोटो दाखवून सुटका करून घेतली असती. फोटोग्राफरच्या बायकोकडे मात्र स्वतःच्या तिळाचा पुरावा नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

हे जेवायला आले तेव्हा माझा तिळपापड झाला होता.

“मूळ फोटो कुठे आहेत? न पुसलेले?”

“निगेटिव्हना ओल लागली, तेव्हाच टाकल्या. आणि कॉम्प्युटरवर मूळ ठेवत नाही मी, जागा अडते.”

“गिऱ्हाइकांचे डाग काढा, तो धंदा आहे. माझ्या चेहऱ्यावर काय अडलं होतं तुमचं? एवढा खुपत होता तो तीळ?”

यांच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला. मग ताट सरकवून उठले आणि स्टुडिओत गेले. मीही हाक मारली नाही. खरं सांगते, मला रागापेक्षा भीती जास्त वाटत होती, पण भीती वाटली की मी भांडते. हा माझा जुना रोग आहे, त्यावर डॉक्टर नाही.

ठरल्या दिवशी हे न विचारता बरोबर आले. डॉक्टरणीने हात पुढे केला, “फोटो?”

मी म्हटलं, “नाहीत. यांनी सगळे पुसले.”

यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. त्यावर पेन्सिलीने पाच तीळ काढले होते, ओळीने, मोठे करून. प्रत्येकाखाली वर्ष. छाया दिलेल्या, कडा रेखलेल्या. हे निगेटिव्हवर काम करायचे तसलं बारीक काम.

“लग्नाच्या वर्षी असा होता,” हे पहिल्यावर बोट ठेवून म्हणाले. “गोल. पेन्सिलीचा एक ठिपका दिला की झाकला जायचा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं तसाच. मध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हाही एका क्लिकमध्ये जायचा. तीन वर्षांपूर्वी खालची कड राहायला लागली, दोन क्लिक लागायचे. गेल्या वर्षी चार. आणि या वर्षी...” यांचं बोट शेवटच्या तिळावर आलं. “या वर्षी आधी काळा भाग वेगळा काढावा लागला. रंग जुळत नव्हता.”

डॉक्टरीण कागदाकडे बघत होती. मी यांच्याकडे बघत होते.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं,” मी म्हटलं.

“हाताला ठाऊक होतं,” हे म्हणाले. “मी डाग बघत होतो. तुला बघत नव्हतो.”

माझ्याकडे ओरडायला जेवढं होतं तेवढं सगळं कुठल्या कुठे गेलं.

डॉक्टरणीने कागद माझ्या केसपेपरला टाचला. म्हणाली, “काका, फोटोपेक्षा हे बरं. काढायचा. आज दुपारीच.”

त्यात सांगण्यासारखं फार नाही. गाल बधिर करायची सुई तेवढी झोंबली. मग नुसतं ओढल्यासारखं वाटत होतं आणि कात्रीचा आवाज येत होता. डोळ्याच्या आकाराचा तुकडा काढून बाटलीत घातला, पाच टाके घातले. बाटलीवर माझं नाव लिहिताना नर्सने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. एवढासा जिन्नस, पण नीट पोचला पाहिजे. आठवड्याने टाके काढले. अहवालाला दहा-बारा दिवस लागणार होते.

ते दिवस लांबले. मी कपाटं आवरली, गाद्यांना उन्हं दाखवली, बहिणीशी दोनदा भांडले आणि तीनदा रडले. हे स्टुडिओतून लवकर यायचे आणि काही न बोलता भाजी निवडायला बसायचे. एका संध्याकाळी, शेंगा सोलता सोलता, मी विचारलंच. “खरं सांगा. कशाला पुसायचात हो?”

यांनी हातातली शेंग खाली ठेवली. “तुला आठवत नाही? लग्नाचा फोटो बघून तूच म्हणालीस, ‘हा तेवढा काढून टाका, घाणेरडा दिसतो.’ मी टाकला. पुढे दर वेळी टाकत गेलो.”

“आणि परत एकदाही विचारलं नाहीत?”

“तू परत एकदाही ‘राहू द्या’ म्हणाली नाहीस.”

मला खरंच आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही. एकवीस वर्षांच्या पोरीने एकदा तोंड वाकडं केलं आणि या गृहस्थाने ते हुकूम म्हणून एकतीस वर्षं पाळलं. संसारात असं किती काय पाळलं जात असेल, देव जाणे.

अहवाल आला. होता कॅन्सरच. डॉक्टरणीने खुर्ची जवळ ओढून सांगितलं. “पण कातडीच्या अगदी वरच्या थरात आहे, खाली उतरलेला नाही. भोवतालची आणखी थोडी कातडी काढू, म्हणजे काही मागे राहायला नको. हा असा लवकर सापडला की बहुतेक वेळा तिथेच संपतो. वर्ष-दीड वर्ष गेलं असतं तर मी एवढं सहज बोलले नसते.”

हे भिंतीला टेकून खाली बसले. दवाखान्याच्या जमिनीवर, चक्क मांडी घालून. मीच हात धरून उठवलं. त्या दिवशी रडायची पाळी माझी होती, पण नंबर आधी यांनी लावला.

दुसरं कापणंही झालं. आता गालावर बोटाच्या पेराएवढी रेघ आहे. दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं आणि घरी महिन्यातून एकदा सगळं अंग बघायचं, डोक्यापासून तळपायापर्यंत. जे आपल्याला दिसत नाही ते घरच्यांनी बघायचं. डॉक्टरणीने आमच्या दोघांकडे बघून सांगितलं, “फक्त काकूंचं नाही. दोघांचंही.”

पहिल्या रविवारी यांनी स्टुडिओचं दार आतून लावलं आणि मोठा दिवा पेटवला. मी पाठमोरी बसले. हे पट्टी आणि भिंग घेऊन एकेक तीळ मोजत होते, मी वहीत लिहीत होते. “अकरा,” हे शेवटी म्हणाले. “सगळे गोल. रंग एकच. काळजी नको.” यांनी पाठीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मला बरं वाटलं.

मग मी पदर सावरून उठले. “चला, काढा शर्ट.”

“माझं काय बघायचंय?”

“बसा मुकाट्याने. फार वर्षं मला बघत नव्हतात म्हणून रडलात. आता मी दाखवते बघणं कसं असतं ते.”

हे हसत स्टुलावर बसले. मी भिंग घेतलं. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक तीळ होता, चांगला वाटाण्याएवढा. मी दिवा जवळ ओढला. पुन्हा बघितलं.

“अहो,” मी विचारलं, “हा कधीपासून आहे?”

“मला काय ठाऊक! माझी पाठ मला दिसते का?” हे म्हणाले. “तुलाच ठाऊक असेल.”

मला ठाऊक नव्हतं.