एका गाण्यासाठी लग्न

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्हाला एक गाणं येतं. ते दुसऱ्या कुणालाच पूर्ण येत नाही. येत्या सोमवारी तुमचा आवाज जाणार आहे, आणि ते गाणं आज म्हणायची मात्र तुम्हाला मनाई आहे. छातीवर काहीतरी बसल्यासारखं वाटतं ना? तेच ओझं घेऊन माझ्याबरोबर जव्हारजवळच्या पोशेरा गावी चला.

तिथे गोजाबाई राहते. ती धवलेरी आहे, म्हणजे लग्नात गाणी म्हणून देवांना बोलावणारी बाई. बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहितात, तेव्हा ती गाते. लग्न नसेल तर ही गाणी म्हणायची नाहीत. तिच्या घशात गाठ झाली. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, "गाठ काढली तर जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही." ऑपरेशन येत्या सोमवारी ठरलं.

तिच्यासमोर बसली होती जव्हारची नेत्रा. नेत्रा आधी लग्नाचे फोटो काढायची. पुढे ती मुखवटे करणाऱ्यांबरोबर, तारपा वाजवणाऱ्यांबरोबर माहितीपट करू लागली. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे कलाकाराने तिच्या शेजारी बसून ठरवायचं, अशी तिची रीत. आता ती गोजाबाईवर माहितीपट करत होती, आणि गोजाबाईनेच ठरवलं होतं, "शेवटाला देव बोलवायचं गाणं ठेव. त्याच्याबिगर माझं काम अर्धं."

उन्हाळ्यातल्या एका लग्नात ते टिपायचं होतं, पण नेमका तेव्हाच गोजाबाईचा घसा बसला. "पुढच्या वर्षी," दोघी म्हणाल्या. आता औषधाने थोडा आवाज परतला होता, आणि पुढचं वर्ष उरलं नव्हतं.

दिवस आवणीचे. भाताची रोपं लावायच्या घाईत लग्न कोण करतो? नेत्रा पाड्यापाड्यावर हिंडून आली. लोक हसले. "बाय, चिखलात नवरा उभा करू काय? तोही रोपासारखा रुजायचा!"

शेवटी ती गोजाबाईला म्हणाली, "आजी, आपण खोटं लग्न लावू. दोघांना नवरानवरी करून बसवते. नुसतं कॅमेऱ्यासाठी."

गोजाबाईने जोरात नकाराची मान हलवली.

"त्यात काय झालं?" नेत्रा घाईने बोलू लागली. "जव्हारला मी रोज सांगते, पुन्हा एकदा हार घाला, फोटो हलला. लोक घालतात."

"त्यांचं आधी लागलेलं असतं, बाय. मग किती बी हार घाल." गोजाबाईचा आवाज खरखरला. "मी देव उठवायचे, ते लांबून यायचे आणि विचारायचे, नवरी कुठं? काय सांगू? संध्याकाळी आपल्या घरी गेली? नवरा दुसरीकडं जेवतोय?"

"मग गाणं जाऊ द्यायचं?"

"मला काय सुख वाटतं? माझ्या नरड्यात हाय ते!"

"तुम्हीच म्हणालात ना, त्याच्याशिवाय काम अर्धं!"

"म्हणाले. अर्धं राहू दे."

नेत्राने कॅमेऱ्याची पिशवी बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मग तिथेच, त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर, ती हुंदके देऊन रडू लागली. गोजाबाईने तिची समजूत काढली नाही. ती स्वतःच भिंतीकडे तोंड करून बसली होती.

हे सगळं काळी ऐकत होती. काळी म्हणजे गोजाबाईची नात. लग्नात ती आजीच्या मागे बसून प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक उचलायची. त्यामुळे तिच्याकडे गाण्याची नुसती टोकंच होती. टोकांवर काही गाणं उभं राहत नाही, एवढं तिला कळत होतं.

तिने विचारलं, "आजी, दोघं एका घरात राहिली तर लग्न खरं?"

"हां."

"कायमची?"

"कायमची. आता जा, डोकं नको खाऊ."

काळी अंगणात गेली. तिचा तुऱ्या नावाचा कोंबडा पाटीखाली पावसाला शिव्या देत बसला होता. तिने त्याचे पाय पुसले, तुरा ओल्या हाताने नीट केला आणि त्याला काखेत घेऊन चिखलातून शेजारच्या माघ्याच्या घरी गेली. आमच्याकडे मागणी मुलाकडचे घालतात, हे तिला ठाऊक होतं.

"काय गं काळे, कोंबडा विकायला आणलास?" माघ्याने विचारलं.

"नाय काका. मागणी घालायला आलेय. तुमची तांबडी कोंबडी द्याल? आमच्याकडे दोघं एकाच पाटीखाली राहतील, कायमची, म्हणजे लग्न खरं. आणि तुऱ्याला कुणी कापायचं नाय, मी सांगते."

माघ्या पोट धरून हसला. काळी हसली नाही. मागणीला आलेली माणसं बसतात तशी ती ओट्यावर मांडी घालून बसली, नवऱ्या मुलाला मांडीवर घेतलं, आणि माघ्याचं हसणं थांबायची वाट बघू लागली.