कुलदीपची बसकी गाडी

अमडापूरच्या कुलदीपचं लग्न ठरलं, आणि त्याला पहिली काळजी लागली ती गाडीच्या उंचीची. त्याची पांढरी गाडी त्याला भारीच उंच दिसायची. गाडी कशी, जमिनीला चिकटून चालली पाहिजे! पण साखरखेर्ड्याच्या पूनमला त्यानं फोनवर शब्दही दिला होता, "तुले आपल्याच गाडीत आणीन. पोटातलं पाणी हालू देणार नाही." म्हणजे गाडी बसकी हवी, मऊ हवी, वर आवाजही नको.

लग्नाची बोलणी वडिलांनी केली, पत्रिका मामानं छापल्या आणि नवरदेव स्प्रिंगा निवडत बसले. मित्र गोकुळ म्हणाला, "काऊन एवढा ताप करून राह्यला बे? आहे त्याच काप अन् मोकळा हो." कापलेल्या स्प्रिंगांवर गाडी बेडकासारखी उडते, हे कुलदीपला तोंडपाठ होतं. महागडे शॉकअप त्यानं पाहिले, तेही खड्ड्यात कटकट करतात म्हणून नापास केले. मुलगी बघायला गडी एकदाच गेला होता, संभाजीनगरच्या दुकानात मात्र चकरांवर चकरा मारल्या. शेवटी मनासारखा माल मिळाला. दुकानदारानं विचारलं, "गाडीत माणसं किती बसतात?"

"मी एकटाच," कुलदीपनं सांगितलं.

गाडी झाली झकास. घरासमोर वडिलांनी, इंद्रभानरावांनी, पोरं सुसाट गाड्या पळवतात म्हणून स्वखर्चानं ब्रेकर घातला होता. गाव त्याला इंद्रभानरावांची टेकडी म्हणायचं. तीही कुलदीपनं एकट्यानं अलगद ओलांडून दाखवली. तरी वडील म्हणाले, "नवरीले जीपमधी आणू."

"बाबा, तुमाले सस्पेन्शनमधलं काय समजते?"

लग्न लागलं. स्प्रिंगा दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नव्हत्या, म्हणून नवरदेव बाशिंग काढून स्वतःच चालवायला बसला. शेजारी पूनम. मागे पाठराखीण म्हणून आलेली तिची भरभक्कम आत्या भिमाबाई, करवली राखी, आणि डिकीत शिदोरी: बुंदीचे डबे, पुऱ्यांच्या टोपल्या, वर रुखवताची भांडी. आपल्याकडे नवरी कधी एकटी येते का? गाडी हूं की चूं न करता खाली बसली, आणि कुलदीपला वाटलं, काय शोभून दिसते! वाटेत पूनमला खरंच डुलकी लागली. तेवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे.

दारात बँड, ओवाळायला कुलदीपची आई सत्यभामाबाई, उंबऱ्यावर तांदळाचं माप. आणि मध्ये टेकडी. पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडीचं पोट जे टेकलं ते टेकलंच. ना पुढं, ना मागं. बँडवाले वाजवायचे थांबले आणि बघायला आले.

घाबरलेल्या कुलदीपनं दुकानदाराला फोन लावला. गाडीत फोन स्पीकरवरच लागायचा, आणि आत तर टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

"भाऊ, गाडी टेकली ना!"

"बसलंय कोण कोण?"

"नवरी, तिची आत्या, करवली, मी. अन् शिदोरी."

"अहो, मग चूक कोणाची? लग्न ठरलं म्हणून पेढा दिलात, आणि विचारलं तर म्हणता, गाडीत मी एकटाच!"

भिमाबाईंनी तोंडाला पदर लावला. पूनमनं नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. तिच्या मनाला लागलं होतं, आणि ते तिनं लपवलं नाही.

"उतरा आत्या," ती म्हणाली. "या गाडीत आपल्याले धरलंच नाही."

बायका उतरल्या, डबे उतरले, आणि गाडी शहाण्यासारखी वर उठून टेकडी ओलांडून गेली. आरती घेतलेल्या सत्यभामाबाईंपुढे नवरदेव एकटाच येऊन थांबला.

"नवरी कुठी हाय रे?"

"येऊन राह्यली मांगून. पायी."

"मंग म्या कोणाले ओवाळू? गाडीले?"

मांडवात हसू फुटलं. शालू सावरत पूनम आली, कुलदीपशेजारी उंबऱ्यापाशी उभी राहिली. पाय मात्र मापाला लावेना.

"आई, पयले तुमच्या लेकाले इचारा," ती सासूला म्हणाली, "संसारात किती जणं धरले हायत?"

कुलदीपचे कान लाल झाले. "दोघं," तो पुटपुटला.

"मांगच्यायले ऐकू नाही गेलं."

"दोघं!" कुलदीप ओरडला. पार टेकडीवरच्या बँडवाल्यांनीही ऐकलं. मग कुठं पूनमनं माप लवंडलं.