शनिवारचं वजन

मी धक्क्यावरच्या गोदामातला वजनकाटा बोलतोय. अंग लोखंडी, एका बाजूने गंजलेलं. या बेटावरची कोनफळं, डुकरं आणि सुक्या खोबऱ्याची पोती चाळीस वर्षं माझ्यावर चढली-उतरली. माणसं तोलणं हे काही माझं काम नव्हे. ते माझ्या गळ्यात पडलं, कारण शेजारच्या दवाखान्यातला काटा शंभराच्या पुढे चालत नाही.

पहिली आली ती लेसिएली. पंधरा वर्षांची पोर, एकशे बारा किलो. पोती उतरवणाऱ्यांपैकी एकजण बोललाच, "पावती कुणाच्या नावाने फाडू? या पोत्यावर नाव दिसत नाही."

पोर हसली. लोकांच्या आधी आपणच हसून घ्यायचं, हे जाड्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही.

नर्स सेलुवायाने त्या माणसाला हाकललं आणि पोरीला माझ्याच काठावर बसवलं.

"रक्तात साखर निघालीय तुझ्या. बाबांचा पाय कसा गेला, पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग पहाटे चालायचं. मासा, अळूची पानं, मुठीएवढं कोनफळ. गोड पाणी बंद. पण उपास केलास तर गाठ माझ्याशी आहे. घाई नाही करायची."

ती दर शनिवारी यायची. सहा महिन्यांत चौदा किलो उतरले. आई फळं तोडायला परदेशी गेलेली, त्यामुळे लेकीचं सगळं बाप व्हिलिसोनीच बघायचा. कुबडीवर दाराशी उभा राहून तो आकडा ऐकायचा आणि खूश होऊन घरी जायचा. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला.

मग उंगातेआ आत्या आली. व्हिलिसोनीची थोरली बहीण, बऱ्याच वर्षांनी परदेशातून माहेरी. आमच्याकडे आत्याचा शब्द बापाच्या वर. भाऊ बहिणीपुढे तोंड उघडत नाही; ती ज्या छपराखाली बसली असेल, तिथे पाऊलही टाकत नाही.

"काय दशा केलीत पोरीची," आत्या माझ्यासमोर उभी राहून म्हणाली. "चर्चच्या सणाला सगळी भावकी जमेल. व्हिलिसोनीच्या घरात चूल पेटत नाही, म्हणतील."

"आत्या, डॉक्टरांनीच सांगितलंय," सेलुवाया म्हणाली.

"डॉक्टरला भाची असती तर नसतं सांगितलं. पोरी, मी वाढलेलं ताट माघारी आलं तर माझं मेलेलं तोंड बघशील. आणि शनिवारी मी येणार इथे. आकडा वर गेलेला दिसला पाहिजे."

बाई दुष्ट नव्हती. लहानपणी तिने वादळानंतरचे भुकेचे महिने काढले होते. भाचीला खाताना बघून तिचे डोळे भरून यायचे. नारळाच्या दुधातलं अळू, डब्यातलं खारं मांस, मेंढीची चरबी, सगळं ती स्वतः रांधायची.

लेसिएली ताट चाटूनपुसून संपवायची. मग गोदामामागच्या केतकीच्या झुडपात जाऊन सगळं ओकून टाकायची. पत्र्याच्या पलीकडून मला ऐकू यायचं. ते फक्त मलाच ठाऊक होतं, आणि मला तोंड नाही.

शनिवारी आकडा वर जायचा कुठून? ती बापापाशी रडली. बहिणीला विरोध करणं व्हिलिसोनीच्या सात जन्मांत नव्हतं. त्याला वाटलं, पोर ताटातलं गुपचूप कुत्र्याला घालत असेल. पाय होता तेव्हा तो पाणबुड्या होता. बुडी मारताना कमरेला बांधायचा शिशाचा पट्टा त्याने काढला आणि स्वतःच्या हाताने लेकीला बांधला. वरून आमच्याकडे कमरेला नेसतात ती चटई गुंडाळली की काही दिसत नव्हतं.

"वजन झालं की सोड. तिचंही मन राहील, तुझंही पथ्य राहील."

दर शनिवारी पट्ट्यात शिशाचा एकेक तुकडा वाढत गेला. मी इमानदारीने सगळं तोललं. नव्व्याण्णव, शंभर, एकशे एक. आत्या खूश. सेलुवाया मात्र रागावली, "वाढत चाललीस तू. खाणं आवर, चालणं वाढव." पोरीने मान हलवली आणि चालणं दुप्पट केलं.

त्या शनिवारी वजन झालं, पट्टा बापाकडे गेला आणि दुपारी लेसिएली रस्त्यात कोसळली. लोकांनी तिला उचलून माझ्या शेजारी पोत्यांवर निजवलं. सेलुवायाने मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांना फोन लावला.

"वजन एकशे एक. हो, वाढतंय. जेवण? पोटभर, आत्याच वाढतात."

मग ऊन लागलं असेल, डॉक्टर म्हणाले. पाणी द्या, निजवून ठेवा, सोमवारी पाठवा. चारच्या विमानात जागा होती. रविवारी आमच्याकडे विमान उडत नाही.

आत्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. व्हिलिसोनी दाराबाहेर, हातात पट्टा. त्याने कुबडी उंबऱ्याच्या आत टेकवली आणि मागे घेतली. पुन्हा टेकवली, पुन्हा मागे घेतली. चार वाजता विमान आमच्या पत्र्यावरून गेलं.

दिवेलागणीला तो आत आला. बहिणीदेखत. पट्टा माझ्यावर ठेवला.

"अकरा किलो आहे हा. पोर नव्वदच आहे, ताई. मी बांधला होता."

आत्याने त्याला बाहेर जा म्हटलं नाही. "आणि मी वाढलेलं ते?" तिने भाचीला विचारलं.

लेसिएलीने डोळे उघडले. "रागावू नका, आत्या. पोटात राहू देत नव्हते मी."

ओकून ओकून अंगातले क्षार गेले होते आणि सोमवारपर्यंत विमान नव्हतं; रविवारी प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत तिचं हृदय थांबलं.

आता शनिवारी भाऊ-बहीण दोघंही येऊन माझ्या दोन बाजूंना बसतात. एका छपराखाली. रीत मोडली म्हणून गावात कुणी चकार शब्द काढत नाही, आणि ती दोघं आपसांत बोलत नाहीत.

सेलुवाया आता आणखी चार जाड्या पोरांना आणते. पहिल्यांदा ती त्यांना जवळ बसवते, खूप वेळ बोलते. मग माझ्यावर चढवते. तुमच्या घरीही असं पोर असेल, तर एवढंच ऐका माझं. ते काय खातं, ते पोटात राहतं का, कुणाच्या भीतीने खातं, कुणाच्या भीतीने चालतं, हे आधी त्यालाच विचारा. मला सगळ्यात शेवटी विचारा.