गळ्यातली निंगव्वा

“आज्जी, हिचं नाव काय घालू?” म्हणत सोनमनं मोबाइल मायाक्काच्या पार नाकापाशी आणला.

मायाक्का ज्वारी निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं, मान मागं घेतली आणि डोळे बारीक केले. फोटो थोरल्या नातीच्या, पिंकीच्या लग्नातला होता. त्यात ती स्वतः होती, इरकली लुगड्यात, फोटो काढताना नेहमी व्हायचं तसं एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. पण पांढरी चौकट तिच्या तोंडाभोवती नव्हतीच. ती होती खाली, गळ्यातल्या चांदीच्या टाकाभोवती.

“काय म्हणतंय ते?”

“विचारतंय, हे कोण आहे?”

“अगं बया! ह्याला ती दिसली व्हय?”

दिसली खरी. पाहुण्यारावळ्यांनी मिळून फोटो टाकायची एक वेबसाइट होती. लग्नं, बारशी, जावळं सगळं तिथं. आता म्हणे तिच्यात नवी सोय आली होती. ती आपली आपण तोंडं शोधायची, नाव विचारायची आणि एकदा नाव सांगितलं की त्या माणसाचे असतील नसतील तेवढे फोटो गोळा करून पुढ्यात मांडायची. हुशार म्हणावी, तर बिरोबाच्या मूर्तीलाही तिनं ‘हे कोण’ विचारलं होतं, आणि सुनेच्या, महानंदाच्या गजऱ्यातही तिला कुणीतरी सापडलं होतं. पण टाकातलं तोंड तिनं हुडकलं ते मात्र खरं तोंड होतं. म्हणजे खरं म्हणायचं का, हाच तर पुढचा सगळा घोळ.

दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, ही रीत. निंगव्वा, तिच्या नवऱ्याची, ज्ञानबाची पहिली बायको, मैंदर्गीची. काविळीनं गेली तेव्हा तिचा जोतिराम नुकता रांगायला लागला होता. मेंढरं राखायची का पोर राखायचं, म्हणून ज्ञानबाच्या आईनं घाईघाईनं मायाक्काला सून करून आणली. मांडवातच सासूनं बाईचं तोंड उठवलेला नखाएवढा टाक तिच्या गळ्यात बांधला आणि म्हणाली, “आजपासनं तू आन् ती येकच. तू जेवलीस की ती जेवली.” मायाक्कानं निंगव्वाला कधी पाहिलं नव्हतं. पण तेव्हापासून पहिला घास टाकाला लावल्याशिवाय तिनं तोंडात घातला नाही, आणि नवं लुगडं आधी टाकाला दाखवल्याशिवाय अंगाला लावलं नाही. सवत म्हणा, थोरली बहीण म्हणा, जिवाभावाचं असं तिला दिवसभर बोलायला तेवढंच होतं.

“निंगव्वा घाल,” ती म्हणाली.

सोनमनं ‘निंगव्वा आज्जी’ घातलं. लगेच मोबाइलनं दोन तोंडं शेजारी शेजारी आणली. एक मायाक्काचं, एक टाकातलं. खाली विचारलं होतं, या दोन्ही एकच व्यक्ती आहेत का? तेवढ्यात महानंदानं आतून हाक मारली, तशी सोनम मोबाइल आज्जीच्या मांडीवर टाकून उठली. “तूच दाब गं आज्जी. हिरवं म्हंजे व्हय, तांबडं म्हंजे न्हाय. मधलं दाबलं तर खात्री न्हाय.”

आता मायाक्का काय येडी नव्हती. माणूस आणि चांदी तिला कळत होती. पण विचारलंय इतक्या मानानं, तर उत्तरही नीट द्यावं म्हणून ती विचारात पडली. न्हाय म्हणावं तर सासूचा शब्द मोडतो, आणि निंगव्वाच्या देखत तिला परकी केल्यासारखं होतं. खात्री न्हाय म्हणावं, तर एवढा संसार काय खात्रीवाचून केला? तिनं हिरवं दाबलं. त्यानं दुसरा फोटो आणला, तिनं परत हिरवं दाबलं. विचारायचं थांबेपर्यंत दाबत राहिली, आणि भाकरीची चवड उरकावी तशी समाधानानं उठली.

तिच्या सगळ्या फोटोंवर निंगव्वाचं नाव आलं, त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. टाक तर प्रत्येक फोटोत होताच. पिंकीनं सासरहून फोन करून हसून घेतलं, “आज्जी, निंगव्वा आज्जी तुज्यापेक्षा जास्त लग्नांना जाऊन आलीया गं!” मायाक्काही हसली. जिथं जिथं ती गेली तिथं तिथं निंगव्वा गेलीच होती, त्यात खोटं ते काय.

पण पुढच्या आठवड्यात जोतिराम चिंचोळीच्या कारखान्यातून घरी आला तो बूट न काढताच उंबऱ्यात बसला. चाळिशी उलटलेला बाप्या, मिशीत पांढरं आलेलं, आणि मोबाइल दोन्ही हातांत धरलेला, सांडंल की काय असा.

“आये,” तो म्हणाला, “मैंदर्गीच्या मामाच्या पोरानं, कल्लप्पानं, घरातले जुने फोटो टाकले वेबसाइटवर. त्यात आई घावली.”

“कुणाची आई?”

“माजी की! निंगव्वा आई.”

मायाक्का पदराला हात पुसत आली. फोटो काळापांढरा, कडेला वाळवीनं खाल्लेला. मागं रंगवलेला पडदा, पडद्यावर बंगला आणि मोटार. पुढं एक पोरगेली बाई, डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू, कडेवर गुबगुबीत पोर. पोराचं डोकं मधे आल्यानं बाईचा गळा दिसत नव्हता. आणि बाईच्या तोंडाभोवती चौकट. सोनमनं वाचलं, ‘निंगव्वा आज्जी’.

मायाक्काला तो पडदा ओळखू आला. हुलजंतीची जत्रा. फोटोवाला ‘हलू नगा, हलू नगा’ म्हणून बोंबलत होता आणि पोरगं हलत होतं. आईमाघारी पोर कसं वाढतंय ते मैंदर्गीच्या आजोळी दिसावं, म्हणून सासूनं हौसेनं तो फोटो काढून घेऊन पाठवला होता. चोळी जावेची होती, दंडाला काचत होती. ती बाई निंगव्वा नव्हती. ती मायाक्का होती.

अरे, ही मी हाय की, असं ओठांवर आलंच होतं. पण जोतिराम रडत होता. हा माणूस बोट यंत्रात गेलं तेव्हा रडला नव्हता.

“बघ आये, मला कडंवर घेतलंय तिनं. मीच हाय न्हवं ह्यो? आन् नाक बघ तिचं. माजंच नाक हाय की!”

मायाक्कानं नाकाला हात लावला. स्वतःच्या.

लहानपणी दर वर्षी पितरांतल्या नवमीला, म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींच्या तिथीला, टाक पाटावर ठेवला की हे पोर समोर बसून टक लावून बघायचं. एकदा विचारलं होतं, “आये, तिचं नाक असंच हुतं?” मायाक्का म्हणाली होती, “सोनारानं केलंया बाबा. सोनारानं कुटं बघितली हुती तिला?” तेव्हा पोराचं तोंड जे पडलं होतं, ते तिला अजून दिसायचं. आता त्याच तोंडावर एवढा उजेड होता. तो विझवायचा कसा?

बाजेवर ज्ञानबा बसला होता. जोतिराम मोबाइल घेऊन त्याच्याकडं गेला. “आबा, बघा बरं. हीच न्हवं आई?”

आता कळंल, मायाक्काच्या मनात आलं. दोघींचा नवरा तो. त्याला नाही कळणार तर कुणाला? ज्ञानबानं चष्मा वर केला, खाली केला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

“व्हय,” तो म्हणाला. “हीच की निंगव्वा.”

मायाक्का चुलीपुढं जाऊन बसली ती बसलीच. तव्यावर भाकरी करपली तरी कळलं नाही. मोबाइल म्हणतो निंगव्वा, पोरगा म्हणतो निंगव्वा, नवरा म्हणतो निंगव्वा. मग जत्रेत काचली ती चोळी कुणाच्या दंडाला काचली? तिला क्षणभर वाटलं, चुकत असू आपणच. पडदा काय, दर जत्रेत तसाच असतो. बंगला आणि मोटार तर सगळेच रंगवतात. छे! असं कसं? माणूस आपलं तोंड विसरतं व्हय? पण ते तोंड तरी तिनं कुठं नीट पाहिलं होतं. मेंढरांमागं हिंडणाऱ्या बाईजवळ आरसा केवढा, तर कुंकू लावण्यापुरता.

“सोनम, त्या मोबाइलनं कसं गं वळखलं?”

“आपण सांगू त्यावरनंच शिकतंय ते, आज्जी. आपणच न्हाय का सांगितलं, ही निंगव्वा आज्जी म्हणून.”

हात्तिच्या! मायाक्कानं कपाळाला हात लावला. हिरवं तिनंच दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना ती ज्ञानबाच्या बाजेपाशी बसली. “खरं सांगा. त्या फोटोत कोण हाय?”

ज्ञानबानं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. “पोरगं इतकं आशेनं इचारत हुतं...”

“म्हंजे तुमाला वळखू आली मी?”

“तसं बी न्हाय गं.” तो गोंधळला. “तिचं तोंड आठवाय जातो, तर तुजंच येतंय पुडं. लई वर्सं झालं असंच हाय. आता तुजं कोणतं आन् तिचं कोणतं, मला इचारू नगंस.”

मायाक्काला हसावं का रडावं कळेना. राग यावा तर कुणाचा? म्हणजे निंगव्वाचं तोंड या जगात आता कुणाजवळच राहिलं नव्हतं. नवऱ्याजवळ नाही, मैंदर्गीत तिला पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं, टाकात तर नव्हतंच. ती सगळीकडून गेली होती, आणि तिच्या जागी मायाक्का भरली होती. इतकी वर्षं आपण तिला सांभाळतोय असं वाटत होतं, आणि पुसलीही आपणच. तिनं टाक मुठीत धरला आणि तिचे डोळे भरून आले.

नवमीच्या आदल्या दिवशी जोतिराम सोलापुरातून फोटो मोठा करून घेऊन आला. सोनेरी चौकट, आणि खाली लिहिलेलं, ‘कै. सौ. निंगव्वा’. स्टुडिओवाल्यानं कुंकवाला तांबडा रंग भरला होता. जोतिरामनं तो भिंतीवर लावला, लांब जाऊन पाहिला, परत सरळ केला.

“औंदा टाक काडू नगंस आये,” तो म्हणाला. “औंदा फोटोलाच निवद दाखवू.”

सांगावं, सांगावं करत रात्र गेली आणि सकाळ उजाडली. मायाक्कानं पुरण घातलं, कटाची आमटी केली, भजी तळली. बाहेर सगळे फोटोपुढं उभे राहिले. जोतिरामनं शेवंतीचा हार घातला. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, महापाप. मायाक्काच्या अंगावर काटा आला, पण तिला भीती वाटली ती मरणाची नव्हे. तिच्या मनात दुसरंच आलं. निवद फोटोला दाखवला, म्हणजे पहिला घास आपल्यालाच आला. मग आज, तिच्या स्वतःच्या दिवशी, निंगव्वा उपाशी?

ती मुकाट्यानं आत गेली. एक पाट मांडला, गळ्यातली पोत काढून टाक त्यावर ठेवला. केळीच्या पानाच्या तुकड्यावर पुरणपोळीचा घास, चिमूटभर भात, वर तुपाची धार. “जेव बाई,” ती पुटपुटली. “बाहीर गर्दी हाय.”

“आये, पाया पडायला ये की, सगळी थांबल्यात,” म्हणत जोतिराम दारात आला आणि थबकला. “हे काय गं?”

“आदी तुज्या आईला जेवू दे.”

“आई तर बाहीर हाय.”

मायाक्कानं मान वर केली नाही. पानावरची माशी तेवढी वारली.

“बाहीर मी हाय, जोती.”

त्याला कळायला वेळ लागला. तो तिच्याकडं बघत राहिला, नाकाकडं, कपाळाकडं, बसायच्या तऱ्हेकडं. बाहेरून महानंदाची हाक आली. “आबा तर म्हणाले...” तो म्हणाला.

“आबाला बी आठवंना झालंय. मी तर बगितलीच न्हाय तिला. मी चुकीचं दाबलं रे त्या मोबाइलात. सांगनार हुते, पर तुजं तोंड बगितलं आन्...” तिनं पदर डोळ्यांना लावला. “तुला कडंवर घेतल्याली मी हाय. ती न्हाय. माफ कर बाबा.”

जोतिराम वळला आणि बाहेर गेला. मायाक्काला वाटलं, गेला. आता बोलायचा नाही. बाहेर चौकट भिंतीला आपटल्यासारखा आवाज झाला, सोनमनं काहीतरी विचारलं.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात हार होता. तो पाटापुढं मांडी घालून बसला, लहानपणी बसायचा तसाच, आईच्या अंगाला अंग लावून. हार कसा घालायचा ते त्याला कळेना. पाटाला गुंडाळून पाहिला, तर टाक फुलांत बुडून दिसेनासा झाला. त्यानं हार काढून मायाक्काच्या मांडीवर ठेवला, त्यातली शेवंतीची एक पाकळी तोडली आणि टाकावर वाहिली. तेवढ्या एका पाकळीनं निंगव्वाचं सगळं तोंड झाकलं. जोतिराम वाकला आणि त्यानं बोटाच्या टोकानं ती हळूच बाजूला सरकवली.