चार खांद्यांचा शब्द

मी डोलारा बोलतोय. दचकू नका, आणि उठूनही जाऊ नका. माझं नाव निघालं की लोकांना एकदम घरचं काम आठवतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. मेलेल्या माणसाला ज्याच्यावर ठेवून चार जण खांद्यावर नेतात, तो मी. पण मी तिरडी नव्हे. तिरडी बिचारी सकाळी बांधतात आणि दुपारी संपते, तिचं आयुष्य ते केवढं! मी सागवानाचा आहे. पुलगावच्या बेने इस्राएल मंडळींचा, म्हणजे इथं नोकरीपायी येऊन राहिलेल्या ज्यू लोकांचा. माणसाला पोचवायचं आणि रिकाम्यानं घरी परत यायचं, हा माझा धंदा.

मला दाऊद मिस्त्री वाक्रुळकरांनी घडवलं. ते गिरणीत सुतार होते. माझ्या अंगात लोखंडी खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. मिस्त्री मला घासत बसले की त्यांची बायको करवादायची, "एवढं गुळगुळीत कशाला? निजणाऱ्याला काय कळणार आहे?"

"निजणाऱ्याला नाही कळणार, पण खांद्याला कळेल," मिस्त्री म्हणायचे.

सगळ्यात आधी तेच माझ्यावर निजले. तेव्हापासून मंडळींत कोणी गेलं की मला माळ्यावरून खाली काढायचे. मिलकाबाई नर्स गेल्या, तेव्हा त्यांच्या हातून जगात आलेली माणसं खांदा द्यायला भांडत होती. शालोम मास्तर गेले, तेव्हा त्यांच्या छडीचा मार खाल्लेले विद्यार्थी सगळ्यात पुढं होते आणि सगळ्यात जास्त रडत होते. माणूस माझ्यावर आडवा झाला की लोक त्याच्याविषयी बोलू लागतात. खांदा बदलता बदलता बोलतात, दम लागला तरी बोलतात. जिवंतपणी ज्याला कपभर चहा पाजला नाही, त्याचे गुण रस्ताभर गातात. मला हसू यायचं. पण त्याच बोलण्यातून मला सगळ्यांची आयुष्यं कळली. कोणी बहिणीच्या लग्नासाठी स्वतःचं लग्न राहू दिलं, कोण शेवटपर्यंत कोकणातल्या समुद्राची आठवण काढत होतं. हे सगळं माझ्यापाशी आहे.

मग मंडळी पांगली. काही ठाण्याला गेली, काही मुंबईला, बहुतेक इस्राएलला. प्रार्थनेसाठी भाड्यानं घेतलेली खोली मालकाला परत गेली. पुस्तकं मुंबईच्या लोकांनी नेली. मला कोण नेणार? रेल्वेत मला चढवलं असतं तर अख्खा डबा मोकळा झाला असता. शेवटी रहमीम झिराडकर मला पुलगावशेजारच्या नाचणगावला आपल्या घरी घेऊन आले आणि मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, ताडपत्रीखाली ठेवलं.

रहमीमकाका आर्वीच्या छोट्या गाडीचे गार्ड होते. ही गाडी अशी की पळत्या बैलानं तिला मागं टाकावं. काका मात्र मेल गाडी नेत असल्याच्या ऐटीत हिरवं निशाण दाखवायचे. आता निवृत्त झाले होते. घरात ते आणि त्यांची बायको सेगुलाबाई. मुलगा नेहेमिया इस्राएलमध्ये अश्दोदला स्थायिक झालेला. जिल्हाभरात या दोघांखेरीज आपलं म्हणावं असं मंडळींतलं कोणी उरलं नव्हतं.

शेजारी लहानूचं किराणा दुकान आणि त्यामागं त्याचं घर. त्याची बायको शकुंतलाबाई सेगुलाबाईंच्या फार जवळची. शनिवारी ज्यू घरात चूल पेटत नाही. म्हणून दर शनिवारी सकाळी शकुंतलाबाई चहा करून आणायची. कोणी सांगितलेलं नव्हतं, तिचं तीच आणायची. त्यासाठी सेगुलाबाईंनी आपलं पातेलं आणि दोन कप तिच्या घरी वेगळे ठेवले होते, आणि त्यांना ती दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायची नाही. एकदा तिनं माझ्यावर सांडगे वाळत घालायला मागितलं होतं. सेगुलाबाई म्हणाल्या, "नको, त्याचे पाय हलतात." माझे पाय अजूनही हलत नाहीत. पण तेव्हा मी ते खपवून घेतलं.

शहाण्णवच्या हिवाळ्यात सेगुलाबाई गेल्या. सकाळी ताप, दुपारी सगळं आटोपलं. नेहेमियाला कळवलं, पण आमच्यात मयत थांबवून ठेवत नाहीत. अंघोळ घालायला दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरहून एक ज्यू बाई आल्या आणि त्यांच्यासोबत दोन पुरुष. पाणी शकुंतलाबाईनं ओतून दिलं. ओतताना ती हमसून हमसून रडत होती. खांद्याला लहानू आणि गल्लीतलेच नत्थू, श्रावण, चिंधू. पुलगावच्या आमच्या जुन्या दफनभूमीपर्यंत ते न कुरकुरता चालले. एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेताना चिंधू म्हणाला, "माह्या पोराच्या टायफॉइडमधी बाई रोज येऊन बसत होती."

माती झाली. नागपूरची माणसं धरूनही कद्दीशला लागतात ते दहा ज्यू पुरुष होत नव्हते. कद्दीश म्हणजे मागं राहिलेल्यांनी गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. ती झालीच नाही. काका पुस्तक छातीशी धरून नुसते उभे राहिले. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी चार दगड लावून राखून ठेवली होती, तिच्याकडं बघत होते.

तेवढ्यात श्रावण जवळच्या शेतातून कुऱ्हाड घेऊन आला. लहानू अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, हे आता इथंच मोडून टाकू. मयताचं सामान घरी नेत नाई."

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यात तसंच करतात. माझं मात्र धाबं दणाणलं.

"नाई लहानू," काका म्हणाले. "हा घरी परत येते. आमच्यात तशीच रीत हाये."

"पण आता कोणासाठी जी?"

"मी हावो नं अजून."

श्रावणनं कुऱ्हाड मागं लपवली.

मला घेऊन ते परतले, पण गल्लीच्या तोंडाशी बायका उभ्या होत्या. पुढं शकुंतलाबाई. सकाळी जिनं रडत पाणी ओतलं होतं, तिनंच दोन्ही हात आडवे केले. "काका, पाया पडते तुमच्या, पण हे रिकामं गल्लीत नका आणू. सपनाची हळद हाये या हप्त्यात." सपना तिची एकुलती एक मुलगी. काका रागावले नाहीत. त्यांनी मान हलवली. मला गावाबाहेर नत्थूच्या गोठ्यात टाकलं. शेणाचा वास, रवंथ करणाऱ्या म्हशी, आणि त्यांच्यात मी. एवढ्या जणांना इमानानं पोचवून शेवटी मीच अपशकुनी ठरलो. मला फार वाईट वाटलं, हे लपवत नाही.

लग्न थाटात झालं. सपना जामला सासरी गेली. तिथल्या चौकात सासरच्यांचं टायरचं दुकान होतं. त्यानंतरच्या शनिवारी शकुंतलाबाई नेहमीसारखी चहा घेऊन काकांकडं गेली. काका माझ्या रिकाम्या सपरीत बसले होते. तिथं झालेलं बोलणं तिनं पुढं माझ्याजवळ बसून कितीदा तरी घोकलं, म्हणून मला ठाऊक.

"तिच्यासाठी कद्दीश झाला नाई, शकुंतला. त्याले दहा माणसं लागतात. दहा मी कुठून आणू? पण खांदे चारच लागतात. माह्या वेळेले तेवढे मिळतीन का नाई, याचा घोर लागला मले."

शकुंतलाबाईनं पदर तोंडाला लावला. "चार खांदे आमचे, काका. शब्द देते. काकूच्या बाजूले नेऊन ठेवू तुमाले."

दुसऱ्याच दिवशी ती स्वतः गोठ्यावर आली आणि चौघांकरवी मला काकांकडं पोचता केलं. माझ्यावरची ताडपत्री तिनंच नवी आणली.

पुढची चारपाच वर्षं मी निवांत होतो. काका थकत गेले. दोन हजार एकच्या उन्हाळ्यात अंगणात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. नेहेमिया धावत आला. वाईट मुलगा नव्हता तो. बापाची शी-शू त्यानं स्वतः काढली. आणि मग म्हणाला, "बाबा, चला आता माझ्यासोबत. इथं कोण आहे तुमचं?"

"तुही माय हाये."

नेहेमिया उठून बाहेर गेला. बराच वेळ आत आला नाही. पण ऐकला नाही तो, आणि त्याचंही बरोबरच होतं. निघताना काकांना उचलून मोटारीत बसवलं, तेव्हा त्यांनी शकुंतलाबाईचा हात सोडला नाही. "बरं वाटलं की मी येतो. डोलारा ठेवजो."

"ठेवते काका. तुमी येजा."

घर भाड्याचं होतं, मालकानं लगेच रिकामं करून मागितलं. शकुंतलाबाईनं मला आपल्याच घराच्या सपरीत आणलं. जिनं मला गल्लीत पाऊल टाकू दिलं नव्हतं, तीच! आष्टीचे तिचे दीर येऊन बोलून गेले, गल्लीतल्या बायकांनी हळदीकुंकवाला येणं सोडलं. ती सगळ्यांना एकच सांगायची, "म्हातारा येतो म्हणून गेला हाये."

मग लग्नानंतर पाचसहा वर्षांनी सपनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आईनं डिंकाचे लाडू करायला घेतले, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी शिवली. आणि जामहून निरोप आला, "ज्या घरात मयताचं सामान ठेवलं, तिथं आमची सून बाळंत होणार नाई."

लहानू त्या दिवशी पहिल्यांदा ओरडला. "जाळून टाक ते! काका काही आता वापस येत नाई. पोरीपेक्षा मोठं झालं काय तुले लाकूड?"

"लाकूड नाई, शब्द देला मी."

"मंग पोट्टीले काय सांगशीन?"

भर दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मला शिव्या घातल्या. "मुडद्या, तुह्यापायी माही लेक घरी येत नाई. काऊन आलता माह्या दारात?" आणि माझ्याच दांड्यावर डोकं टेकून रडली. मला तेव्हा बोलता आलं असतं तर सांगितलं असतं, बाई, जाळ मला, पोरीला आण. खरंच सांगितलं असतं. मी किती जणांची आयुष्यं ऐकली, पण माझ्यापायी कोणाचं घर असं दुभंगलेलं पाहिलं नव्हतं.

सपना जामलाच बाळंत झाली. मुलगा झाला. आजीनं नातवाला पाहिलं ते बारशाच्या दिवशी, पाहुण्यासारखं खुर्चीवर बसून. सपना तिच्याशी धड बोललीसुद्धा नाही. लाडवांचा डबा जसाच्या तसा परत आला.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर लहानूच्या दुकानात फोन वाजला. नेहेमियाचा होता. सपरी दुकानाला लागूनच, मला इकडचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. काका गेले होते. तिथंच माती झाली होती.

शकुंतलाबाईनं फोन आपल्या हातात घेतला. मग तिनं विचारलं, "खांद्याले कोण कोण होतं, भाऊ?"

नेहेमिया काय म्हणाला ते तिनं फोन ठेवल्यावर लहानूला सांगितलं. "तिथं चाकाची गाडी असते म्हणे. ढकलत नेलं त्याहिले. प्रार्थनेले मात्र खूप माणसं होती, दहाच्या वर होती म्हणते."

म्हणजे काकांसाठी कद्दीश झाला. माझा जीव खाली बसला, आणि लगेच वर आला. इथं त्यांना दहा माणसं मिळत नव्हती, तिथं ती मिळाली. इथं चार खांदे त्यांच्यासाठी राखून ठेवलेले होते, आणि तिथं त्यांना चाकांवर ढकलत नेलं. दोन्ही एका ठिकाणी त्या माणसाच्या नशिबी नव्हतं.

"चला, सुटलो," लहानू हळूच म्हणाला. "आता हे जाळू, आन् सपनाले बोलावून घेऊ."

"उद्या सकाळी चौघं बोलवा," शकुंतलाबाई म्हणाली. "खांदा द्याचा राह्यला हाये."

दुसऱ्या दिवशी लहानू, नत्थू, श्रावण आणि चिंधूनं मला उचललं. माझ्यावर काही नव्हतं. मागून शकुंतलाबाई चालत होती. बायका स्मशानात जात नाहीत, तरी ती आली. पुलगावच्या चौकात हॉटेलवाला फडकं टाकून उभा राहिला.

"कोण गेलं जी?"

"झिराडकर काका."

"मयत कुठी हाये?"

त्या दिवशी वाटेत कोणी काकांचे गुण गायले नाहीत. चौघंही खाली बघून चालत राहिले, आणि नेहमीसारखे खांदे बदलत राहिले.

दफनभूमीत मला काकांनी राखून ठेवलेल्या त्या चार दगडांच्या आत ठेवलं. प्रार्थना कोणाला येत नव्हती. शकुंतलाबाई सेगुलाबाईंच्या थडग्यापाशी खाली बसली. मातीवर हात ठेवून म्हणाली, "काकू, काकाले आणू नाई शकलो. ते तिकडंच राह्यले. तुमी वाट पाहू नका." मग पदरानं डोळे पुसून ती उठली, आणि ते सगळे मला तिथं ठेवून निघून गेले. मी कोणाच्या मागून घरी न जाता राहिलो, तो हा पहिलाच दिवस.

तेव्हापासून मी इथं आहे. वाळवी पायाकडून वर चढते आहे, बकऱ्या येऊन अंग घासतात. सपना आता माहेरी येते, असं गवत कापायला आलेल्या नत्थूच्या बोलण्यावरून कळलं. बरं वाटलं. कधी कोणी जमीन बघायला येतात. फाटकाचं कुलूप हलवतात, भिंतीवरून डोकावतात, बोटं दाखवतात. परवा एक जण म्हणाला, "सगळी भरलेली हाये, ही एवढी एक जागा मोकळी दिसते."

बाबांनो, हात जोडायला मला हात नाहीत. मला जाळायचं असेल तर खुशाल जाळा, आता मी कोणाच्या उपयोगाचा नाही. पण ही जागा मोकळी नाही. ती रहमीम झिराडकरांची आहे. ते आले नाहीत, एवढंच.