ताहातचा तंबू सीमेपलीकडे

निरोप आणला तो खजूर वाहणाऱ्या एका ट्रकवाल्याने. अल्जेरियातल्या तामानरासेतहून वाळवंट तुडवत तो सीमेअलीकडे आर्लितला पोचला होता. तोंडावरून घेतलेल्या मुंडाशाच्या आडून ताहातच्या हातचा चहा प्यायला आणि मग म्हणाला, "घैशा बरी आहे. पण सातवा लागलाय. तिथली सुईण म्हणते, या पोरीला ट्रकमध्ये घालाल तर वाटेतच बाळंत होईल."

घैशा ही ताहातची एकुलती एक लेक. लग्न होऊन सीमेपलीकडे अल्जेरियात गेलेली. पहिलं मूल आईच्या तंबूत जन्मायचं, ही तुआरेगांच्या घरातली रीत; ताहातही तशीच जन्मली होती आणि घैशाही. आता ही रडणार, असं वाटून ताहातचा धाकटा भाऊ घुमूर खाली मान घालून बसला. ताहातने चहाची दुसरी फेरी ओतली, साखर चाखून पाहिली आणि म्हणाली, "तिला येता येत नाही ना? मग तंबू जाईल."

"तंबू म्हणजे काय गाठोडं आहे, ताई?"

"गाठोडंच आहे. जन्मभर उंटावर बांधला, आता गाडीवर बांधू."

घुमूरने उमेदीची वर्षं त्याच वाटेवर ट्रक हाकण्यात घालवली होती. त्याला वाटलं, गाडी आपण चालवू, ही मागे बसेल, झालं. पण दुसऱ्या दिवशी ताहात किटली घेऊन ट्रकतळावर जाऊन बसली ती थेट उन्हं कलेपर्यंत. त्यानंतर रोजच. उत्तरेकडून कुणीही उतरला की त्याच्यापुढे चहाचा पेला यायचा आणि पाठोपाठ एकच प्रश्न, "बाबा, कुठं अडकलास?"

कसा आलास, हे तिने कुणाला विचारलं नाही. कसा आलो हे पुरुष फुगवून सांगतात, हे तिला ठाऊक होतं. पण कुठं अडकलो हे सांगताना माणूस खरं बोलतो. कुणी मऊ वाळूचा पट्टा सांगितला, कुणी दगडांनी टायर फाडलेली उतरण. कुणी म्हणालं, दुपारी वाळू सैल पडते, पहाटेच्या गारव्यात तीच घट्ट असते. ती घरी येऊन अंगणातल्या वाळूत बोटाने सगळं काढायची आणि घुमूरला बोलावून विचारायची, "खरं आहे?" बहुतेक खरंच असायचं. कित्येक वर्षं त्या रस्त्यावर काढूनही सगळ्यांच्या चुका अशा एकत्र मांडायचं घुमूरला सुचलं नव्हतं. त्याला बहिणीचं मोठं कौतुक वाटलं.

दुसरी गाडी मानोची. मानो त्यांचा मामेभाऊ, आणि मामेभावाने थट्टा करायची नाही तर कुणी करायची?

"म्हातारे," तो म्हणाला, "एवढ्या तयारीत तर तुझा नातू चालत इकडे येईल. सीमेवरच्या नाक्याला वळसा घालून जाऊ. कागदांची कटकट नको, शिक्के नकोत. मला वाट माहीत आहे."

"तुला वाट माहीत आहे, म्हणूनच तुला मागे ठेवणार आहे," ताहात म्हणाली. "मानो, मी काही चोरायला चाललेली नाही. लेकीकडे चालले. दोन्ही नाक्यांवर तोंड दाखवून जाईन आणि तोंड दाखवूनच परत येईन."

मग तिने दोघांना समोर बसवून ठरलेलं सांगितलं. पाणी दोन्ही गाड्यांत सारखं वाटायचं, पखालीही आणि डबेही. एक गाडी गेली तरी दुसरीतली माणसं तहानलेली राहता कामा नयेत. पहाटे निघायचं, ऊन चढलं की थांबायचं. वाटेवर खुणेची पिंपं आहेत. पुढच्याने प्रत्येक पिंपापाशी मागचा दिसेपर्यंत थांबायचं. आणि मागचा दिसला नाही तर?

"शोधायला जायचं," घुमूर म्हणाला.

"नाही. पुढच्याने पिंपापाशी थांबायचं आणि मागच्याने आहे तिथे थांबायचं. दोघंही शोधायला लागले की दोघंही हरवतात. मानो, शब्द दे."

"दिला बाई. आता तरी जेवायला वाढ."

पलीकडे जावई अत्ताहेरलाही तिने एका ट्रकवाल्याकरवी निरोप धाडला: इन गेझ्झामच्या नाक्यावर येऊन थांब, उशीर झाला तरी एकटा पुढे येऊ नकोस.

निघाले. पुढच्या गाडीत घुमूर आणि ताहात, मागच्या गाडीत मानो. पहिला दिवस ठरल्यासारखा गेला. वाळूत भाजलेली भाकरी खाताना मानो म्हणालाही, "एवढी तयारी वाया गेली बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी असामाकाच्या, म्हणजे पहिल्या नाक्याच्या, अलीकडे वारा सुटला. आधी जमिनीलगत वाळूची धार धावू लागली, मग आभाळ पिवळं पडलं, आणि घुमूरने पुढच्या पिंपापाशी गाडी उभी केली तेव्हा आरशात काहीच नव्हतं.

ते थांबले. मानोची गाडी आली नाही. तंबू त्याच्याच गाडीवर होता, पण घुमूरच्या मनात तंबू नव्हता. लहानपणी ज्याच्याबरोबर बकऱ्या राखल्या तो मानो होता. घुमूरने गाडीचं दार उघडलं.

"कुठं?" ताहातने विचारलं.

"जरा मागे जाऊन येतो. इथंच असेल तो."

"इथंच असेल तर इथंच सापडेल."

"ताई, तो एकटा आहे."

"त्याच्याजवळ पाणी आहे आणि त्याने मला शब्द दिलाय. तू गेलास तर मला दोघांची वाट पाहावी लागेल. बस."

आयुष्यात घुमूरला गाडी चालवणं कधी जड गेलं नव्हतं. त्या दिवशी न चालवणं गेलं. थोड्या थोड्या वेळाने ताहात त्याला पाना देऊन उतरवायची. एक हात पिंपावर ठेवून तो दुसऱ्या हाताने ते ठोकायचा, कान देऊन ऐकायचा, आणि दात वाळूने करकरत परत आत यायचा. उत्तर येत नव्हतं. ताहात मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती. मध्येच तिने त्याला खजूर दिले आणि खाल्ल्याशिवाय सोडलं नाही.

तिसरा प्रहर उलटल्यावर वारा पडला. धूळ हळूहळू खाली बसली आणि घुमूरला डावीकडे, वाटेपासून थोडी हटून, मानोची गाडी दिसली. हाकेच्या अंतरावर. चाकं वाळूत रुतलेली, आणि टपावरून ओढून घेतलेल्या तंबूच्या लाल कातड्याखाली मानो मुटकुळं करून बसलेला. मागे जायला निघाला असता, तर घुमूर त्याच्या बाजूने निघून गेला असता आणि त्याला कळलंही नसतं.

"ठणठण ऐकू येत होतं," पखालीला तोंड लावण्याआधी मानो म्हणाला. "पण कुठून ते कळेना. कधी इकडून, कधी तिकडून. दोनदा उठलो. मग म्हटलं, वाळवंटातून वाचलो तरी ही म्हातारी मारेल. बसलो."

"शहाणा आहेस," ताहात म्हणाली. मानोला तिच्याकडून हा शब्द पहिल्यांदाच मिळाला होता.

चाकांखाली पत्रे घालून त्यांनी गाडी काढली. असामाकाला शिक्के झाले. इन गेझ्झामला अत्ताहेर नाक्याच्या भिंतीला टेकून उभाच होता. डोळ्यांवरून कळत होतं की तो झोपला नव्हता. तिथल्या अधिकाऱ्याने कातड्याच्या ढिगावर काठी टेकवली.

"विकायला?"

"घर आहे माझं."

"घर कुणी बरोबर घेऊन फिरतं का?"

"आम्ही तेच करतो. उघडून दाखवू? पण उघडलं की तुम्ही पाहुणे झालात, चहा घेतल्याशिवाय जाता येणार नाही. आमच्या रीतीच्या तिन्ही फेऱ्या."

अधिकाऱ्याने बाहेर खोळंबलेल्या ट्रकांच्या रांगेकडे पाहिलं, हसला, आणि घरगुती सामान म्हणून लिहून घेतलं.

तामानरासेतला अत्ताहेरच्या मातीच्या घरासमोर शेजारच्या बायकांनी मिळून तंबू उभा केला. अवघडलेली घैशा दारातून पाहत होती. कातड्याचा, धुराचा, आईच्या लोण्याचा वास अंगणभर पसरला तेव्हा ती उंबऱ्यावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. ताहातने त्या सुईणीलाही बोलावून घेतलं. "तंबू माझा, हात तुझे," म्हणाली. दिवस भरल्यावर एका सकाळी तंबूतून बायकांचा जल्लोष ऐकू आला. मुलगी झाली होती.

बऱ्याच वेळाने ताहात बाहेर आली आणि भिंतीच्या सावलीत घुमूरशेजारी टेकली. आता कुठे ती म्हातारी दिसत होती.

"त्या पिंपापाशी मी फार घाबरले होते रे," ती म्हणाली.

"दिसलं नाही."

"दिसलं असतं, तर तू गेला असतास."

घुमूरला पुष्कळ काही बोलायचं होतं. तो उठला, चूल पेटवली आणि बहिणीसाठी चहा ठेवला.