तळ्यातली काकडी

"वयनी, येल उपटा! उद्या सकाळी जेसीबी येनार!" हनमंतभाऊजी बांधावरनंच वरडले. खाली उतरायचं धाडस कुटलं! आमचे चुलतदीर हे, औंदा पंचायतीचे मेंबर.

माझी जाऊ लक्ष्मीदेवी तळ्याच्या पोटात वाकून येलाला पानी घालत हुती. तळ्यात पानी न्हाई हो, सा वर्सं झाली. चिखल वाळला की घराघरानं पट्टे वाटून घ्यायचे आन काकडी लावायची, ही आमच्यातली चाल. कमरेइतका खड्डा काढायचा, त्यात झिरपंल ते घागरीनं येलाला घालायचं. अडीच म्हैनं तिनं ह्येच केलं. आता कुटं बोट-बोट काकडी धरली हुती.

"आट दिस थांबा की, भाऊजी. हुनसूरच्या बाजाराला न्हेते आन मग खुशाल खना."

"मार्च संपतोय. एकतीसच्या आत काम दाकवलं न्हाई तर योजना परत जाती."

"कसली वो योजना?" मी इचारलं.

"हवामान बदलाची, भवानीवयनी! ऊन वाडलं, पाऊस पळाला, म्हनून पंचायतीनं तळी खोल खनून भरायची ठरीवलीत. सर्वेवाल्यानं दगड रोवलेत, ह्यो पट्टा आत येतोय. आन ग्रामसभेत तळं भरा म्हनून उटून कोन बोललं? ह्याच की!"

खरं हुतं. म्हैसूरहून आल्याल्या साहेबानं इचारलं, बायकास्नी काय पायजे? समद्या गप. लक्ष्मीदेवी उटली आन म्हनली, "बोर आटली, आमचं तळं तेवडं भरा." कसल्या टाळ्या पडल्या! मीबी वाजवल्या. तळं भरलं की तळ्यातली काकडी जानार, हे एकीच्याबी डोक्यात आलं न्हाई. सा वर्सं पिकवून पिकवून ते तळं हाय ह्येच इसरलो. अय्यो, काय बाई अक्कल आमची! मला हसू आलं आन लगीच रडू.

लक्ष्मीदेवी तितंच फतकल मारून बसली. "दमले गं भवानी. भरतंय म्हनून हसावं का जातंय म्हनून रडावं, काय कळंना."

तरी येल तिनंच उपटले. दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई.

सकाळी यंत्र आलं. ईतभर माती खरवडली, ढीग केला. भाऊजींनी मोबाइलवर फोटो काढले. "आयतु, आयतु! झालं, चला फुडं!"

लक्ष्मीदेवी चालत जाऊन यंत्राच्या म्होरं हुबी राहिली. वरडली न्हाई, काय न्हाई. वरडायला अंगात तरान तरी कुटं हुतं?

"भाऊजी, ह्येच्यात पानी थांबतंय व्हय?"

"वयनी, तासावर भाडं हाय त्याचं. अजून दोन तळी करायचीत."

"मग ती उद्या करा. सुम्ने, उगं फोटोपायी मी धरल्याले येल उपटले न्हाईत. पुरुषभर खना. पानी थांबू दे. तवर मी हालनार न्हाई."

ड्रायव्हर खाली बघत बसला. भाऊजींनी डोसकं खाजवलं, मोबाइल खिशात टाकला आन हातानं इशारा केला. यंत्र परत खाली वाकलं.

दुपार झाली. ऊन असं की मातीवर पाय टिकंना. मी म्हनलं, "अगं, होंगेच्या झाडाखाली तरी ये. खनत्यात की आता."

"तू जा," ती म्हनली. "मी गेले की ह्ये बी जातील."